निवृत्तीनंतर एक रमतो, दुसरा कुढतो : फरक नेमका कशानं पडतो?

माळरान (धागाकर्ता)

राज्य सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा : वयाची ५८ भरली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवा संपते. चतुर्थ श्रेणीला ६०, केंद्राकडेही ६०. ही तारीख नोकरीला लागतानाच ठरलेली असते. तरी तयारी म्हणून बहुतेक ठिकाणी होतं काय, तर निरोपसमारंभाचा हॉल, शाल-श्रीफळ आणि कोण किती वर्गणी देणार याची यादी.

एकाच कार्यालयातून, एकाच वेतनश्रेणीतून दोघं बाहेर पडतात. एकाचं छान चालतं, दुसरा वर्षभरात चिडका होतो किंवा अंथरूण धरतो. हे कशावर ठरतं? पैसा, तब्येत, घर, दिनक्रम, हे सगळं ढोबळ झालं. यातलं काय आधी बिघडतं, का बिघडतं आणि कधी हात घालायला हवा, हे जाणकारांनी लिहावं. ‘आमच्या काकांचं असं झालं’ छापाचे किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त यंत्रणा.

पेन्शनकारकून

पहिल्या वर्षाचं समाधान ठरतं ते पहिलं निवृत्तिवेतन कधी जमा होतं यावर. रक्कम कमी असली तरी माणूस जुळवून घेतो, पण ‘कधी येणार?’ ही टांगणी सहन होत नाही. ज्या कार्यालयात साहेब म्हणून वावरला, तिथंच आता कनिष्ठ लिपिकाच्या टेबलासमोर उभं राहायचं. पैसे नंतर मिळतात, हा अपमान मात्र मनात राहतो.

उशीर कुठं होतो ते सांगतो. फाईल बहुधा सेवापुस्तकात (नोकरीभरच्या नोंदींच्या वहीत) अडते. वेतन आयोग बदलताना झालेली वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडून तपासून घेतलेली नसते. बिनपगारी रजेची नोंद असते, पण आदेशाचा क्रमांक नसतो. निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा निर्णयच झालेला नसतो. पत्नीचं नाव सेवापुस्तकात माहेरचं आणि आधारवर सासरचं. यातली एकेक दुरुस्ती महिनोन्‌महिने खाते, कारण जुन्या कार्यालयाकडून दाखला आणावा लागतो आणि तिथं कुणाला काही आठवत नसतं.

म्हणून निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सेवापुस्तक पानोपान वाचा आणि दुय्यम प्रत अद्ययावत करून घ्या. पडताळणीचे शिक्के आयोगवार आहेत का पाहा. सहा महिने राहिले की प्रकरण महालेखापालांकडे गेलेलं असायला हवं (विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला, बाकीचं मुंबईला). ना-देय प्रमाणपत्रासाठी (कार्यालयाचं काही देणं बाकी नाही असा दाखला) शासकीय निवासस्थान, ग्रंथालय, पतसंस्था, घरबांधणी अग्रिम हे सगळं आधी मिटवा. सोडलेल्या सरकारी घराचं शेवटचं वीजबिल हे फाईल अडण्याचं फार हास्यास्पद पण नेहमीचं कारण आहे. आणि उशीर होणारच असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मध्ये तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. ती मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. लेखी मागा, पोच घ्या.

सरळरेघ

@पेन्शनकारकून, पडताळणीत जादा वेतन दिलं गेल्याचं निघालं आणि उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुली काढली तर?

पेन्शनकारकून

सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल पाहा. गट क आणि ड मधले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चुकीनं जादा वेतन मिळालेले, यांपैकी कोणत्याही एका प्रकारात बसणाऱ्याकडून वसुली करता येत नाही. मात्र वेतन पुढे दुरुस्त होतंच, म्हणजे निवृत्तिवेतन खालच्या आकड्यावर बसतं. आणि वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर प्रकरण किचकट होतं. त्या हमीपत्राची प्रत आजच शोधून ठेवा.

सरळरेघ

आता मुद्दा अंशराशीकरणाचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचा. याचा समाधानाशी थेट संबंध आहे, कारण घरातली पहिली मोठी भांडणं याच पैशावर होतात.

हिशोब असा. अखेरचं मूळ वेतन ७०,००० धरलं तर निवृत्तिवेतन ३५,०००. त्यातलं कमाल ४० टक्के, म्हणजे १४,००० विकता येतं. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे ५९ चा गुणक ८.३७१ लागतो. १४,००० × १२ × ८.३७१ = १४,०६,३२८ रुपये हातात. त्या बदल्यात पंधरा वर्षं महिन्याला १४,००० कमी, म्हणजे एकूण २५,२०,००० कापले जातात. पंधरा वर्षांनी पूर्ण निवृत्तिवेतन परत सुरू होतं. महागाईभत्ता मात्र पहिल्यापासून पूर्ण ३५,००० वरच मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

घ्यावं की नाही? मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायला घेणार असाल तर थांबा. तो पैसा परत येत नाही आणि दरमहा कमी झालेले १४,००० रोज टोचतात. डोक्यावर जास्त व्याजाचं कर्ज असेल तर ते फेडायला जरूर घ्या. तसंच पंधरा वर्षांच्या आत मृत्यू झाला तर उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला अंशराशीकरणाची कात्री लागत नाही. हे गणितात धरलं की ज्यांना गंभीर आजार आहे त्यांचा निर्णय सोपा होतो.

कोरडवाहू

सगळी चर्चा सरकारी पेन्शनवाल्यांची चाललीय. ईपीएस-९५ (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५) वाल्यांचं काय? एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, खासगी कंपन्या. सूत्र आहे पेन्शनपात्र पगार × सेवा ÷ ७०, आणि पगाराला १५,००० ची मर्यादा. वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे ३३ वर्षं नोकरी केली तर १५,००० × ३५ ÷ ७० = ७,५००. प्रत्यक्षात याहूनही कमी, कारण सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते. किमान पेन्शन १,०००. यात महागाईभत्ता नाही, आज जो आकडा तोच विसाव्या वर्षी.

या माणसाला ‘छंद जोपासा’ सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्याच्या समाधानाचा पहिला प्रश्न ६० नंतर कोणतं हलकं काम मिळेल हा आहे. त्यानं भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकरकमी उचलून घर दुरुस्तीत घालू नये, एवढं तरी इथं ठळक लिहा.

मनोमापन

@कोरडवाहू, पूर्ण सहमत. अभ्यासही तेच सांगतात. ठरावीक किमान उत्पन्नाखाली पैसाच सगळं ठरवतो. त्या रेषेच्या वर गेल्यावर मात्र पैशाचा वाटा झपाट्यानं कमी होतो आणि बाकीच्या गोष्टी पुढे येतात.

आता ‘सुरुवातीला मजा, मग निराशा, मग स्थिरता’ या सर्वत्र फिरणाऱ्या तक्त्याबद्दल. ते टप्पे रॉबर्ट अॅचली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे, १९७० च्या दशकातले. प्रत्येकजण त्यातून जातो असं खुद्द त्यांनीही म्हटलेलं नाही. मो वांग यांनी २००७ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीच्या आकड्यांवरून पाहिलं तेव्हा साधारण ७० टक्के लोकांच्या मानसिक स्वास्थ्यात निवृत्तीनं फारसा फरक पडलेला नव्हता. सुमारे एक चतुर्थांश लोक आधी खाली गेले आणि मग सावरले. थोड्यांना तर निवृत्तीनंतर बरं वाटलं, आणि हे बहुधा नकोशा, ताणाच्या नोकरीतून सुटलेले. तेव्हा सगळ्यांना एकच औषध पाजायचं कारण नाही. तो एक चतुर्थांश गट आधी ओळखता आला पाहिजे.

त्याच्या खुणा : ज्यांची ओळख पूर्णपणे पदाशी बांधलेली आहे (पोलीस, महसूल, मुख्याध्यापक या पदांत हे जास्त), ज्यांचा जोडीदार अजून नोकरीत असतो किंवा ज्यांचं आपसात पटत नाही, ज्यांची तब्येत निवृत्तीच्या आसपास ढासळते, आणि ज्यांना नोकरी मनाविरुद्ध सोडावी लागली. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. कंपनीनं ‘स्वेच्छानिवृत्ती’ नावाखाली दारापर्यंत आणून सोडलेला पन्नाशीतला माणूस आणि ५८ ला ठरल्या तारखेला निवृत्त झालेला माणूस यांची एकाच तागडीत तुलना होत नाही. आपल्याकडे वयाची अट सक्तीची असली तरी सगळ्यांना सारखी आहे, म्हणून ती कमी बोचते. ‘आपल्यालाच काढलं’ असं वाटत नाही.

उंबरठा

बायकांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. शिक्षिका, परिचारिका, बँकेतली कारकून : निवृत्त होते तेव्हा तिची एकच नोकरी संपते. दुसरी पूर्णवेळ होते. स्वयंपाकाची बाई बंद (‘आता तू घरीच असतेस ना’), नातवंडाचा पाळणाघराचा खर्च बंद, सासूबाईंचं औषधपाणी तिच्याकडे. पगारातले स्वतःचे पैसे खर्च करण्याचं जे स्वातंत्र्य होतं, तेही पेन्शनचं खातं नवऱ्यानं ‘बघायला’ घेतलं की गेलं.

नवरा निवृत्त झाला की गंमत आणखी वेगळी. तो आयुष्यात प्रथमच दिवसा घरी असतो. अकरा वाजता चहा, भाजीवाल्याशी घासाघीस, फ्रिजमध्ये कोथिंबीर कुठं ठेवावी यावर परिपत्रक. त्याला वाटतं मदत करतोय. तिच्या दृष्टीनं तिचं कार्यालय नव्या साहेबानं ताब्यात घेतलंय.

यावर चालणारा तोडगा : घरातलं एक अख्खं काम त्याच्याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यायचं आणि त्यात बोलायचं नाही. उदाहरणार्थ सकाळचा नाश्ता : काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, करणं, ओटा पुसणं, सगळं. ‘मदत’ या शब्दाखाली अर्धवट कामं दिली की भांडण ठरलेलं, कारण जबाबदारी तिची आणि सूचना त्याच्या. दुसरं, दिवसातले तीन-चार तास दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असायला हवेत. दोन खोल्यांच्या घरात तर हे नक्कीच. त्याला वाचनालय, तिला तिची भिशी किंवा भजनी मंडळ, किंवा कुठंही न जाता रिकामं घर.

नातवंडांचं आधी बोला. वार, वेळ, सुट्ट्या, आजारी पडलं तर कोण रजा घेणार, जेवण कुणाच्या पद्धतीनं. आठवड्याचे पाच दिवस, रोज दहा तास ही नोकरीच आहे. बिनपगारी आणि राजीनामा न देता येणारी. आठवड्यातून दोन-तीन दिवस सांभाळणाऱ्या आज्यांना त्याचा आनंद होतो, पूर्णवेळ अडकलेल्यांना पाठदुखी.

पेन्शनकारकून

+१. ‘परिपत्रक’ आवडलं.

कट्टेकरी

दिनक्रमाबद्दल. नोकरी चार गोष्टी फुकट देत असते : उठायची वेळ, जायची जागा, चार माणसं आणि ‘आज आला नाहीत?’ असं विचारणारं कुणीतरी. पहिल्या तीन गोष्टी सकाळच्या फेरफटक्यानं आणि देवळाच्या कट्ट्यानं भरून निघतात. चौथी निघत नाही. म्हणून कामं अशी धरा की आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल. वाचनालयाचं मंगळवार-शुक्रवारचं काउंटर, वस्तीतल्या मुलांची दहावीच्या गणिताची तासिका, पतसंस्थेची अंतर्गत तपासणी. आठवड्याला १० ते १५ तास पुरे. त्यापेक्षा जास्त धरलं की नोकरीच परत सुरू होते आणि वर पगार नाही.

हे निवृत्तीआधी सहा महिने सुरू करा. नंतर ‘बघू’ म्हटलं की दुपारची झोप, टीव्ही आणि व्हॉट्सअॅप यांनी दिवस भरलेला असतो आणि तो उपसून काढणं कठीण जातं.

पहिल्या वर्षी एक गोष्ट कटाक्षानं टाळा : हाउसिंग सोसायटीचं अध्यक्षपद किंवा सचिवपद. निवृत्त माणूस दिसला की सगळे त्याच्या गळ्यात घालतात. अधिकार शून्य, थकबाकीदार शेजारी, पार्किंगची भांडणं आणि उपनिबंधकांकडे तक्रारी. ऑफिसात आदेश देण्याची सवय असलेला माणूस इथं सर्वांत लवकर कडू होतो.

ज्येष्ठ नागरिक संघांबद्दल : महाराष्ट्रात संघ गावोगावी आहेत आणि फेस्कॉम हा त्यांचा महासंघ. पण ५८ चा माणूस तिथं जाऊन ‘ही म्हातारी मंडळी’ म्हणत परत येतो. संघही त्याला व्याख्यान ऐकायला बसवतात, ही चूक. त्याला पहिल्याच महिन्यात काम द्या : सभासदांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून देणं, सहलीचं आरक्षण, हिशोब. बसणारा टिकत नाही, राबणारा टिकतो.

अवांतर : एसटीत ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. ५८ च्या बाबांना सात वर्षं काहीच नाही. बाईंना मार्च २०२३ पासून वयाची अट न पाहता अर्धं. सहलीचा हिशोब करताना गडबड होते ती इथं.

गाववाट

‘निवृत्त झालो की गावी जाऊन राहणार’ हे पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाचं ठरलेलं असतं. फसतं कुठं ते लिहितो.

आधी सातबारा. नाव सामाईक असतं, वाटणी तोंडी असते. तुम्ही घर बांधायला घेता आणि ज्या भावानं तीस वर्षं बांध राखला तो विचारतो, तुमचा तुकडा कुठला? सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, मोजणी करून हद्दी कायम करा आणि मगच पाया खणा. हा क्रम उलटा झाला की उरलेली वर्षं प्रांत कार्यालयाच्या पायरीवर जातात.

घर बांधण्याआधी तिथं भाड्यानं किंवा जुन्या घरात सहा महिने राहा आणि त्या सहा महिन्यांत मे आणि जुलै दोन्ही यायला हवेत. कोकणात जुलैत वीज जाते, माणदेशात मेमध्ये टँकर येतो. गणपतीचे दहा दिवस राहून काढलेला निष्कर्ष उपयोगाचा नाही, तेव्हा सगळं गाव भरलेलं असतं. अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय रात्री किती वेळात गाठता येतं ते रात्रीच गाडीनं जाऊन बघा. तासाच्या वर लागत असेल आणि घरात हृदयविकार असेल तर शहरातलं घर विकू नका, भाड्यानं द्या.

आणि पत्नीला विचारा. तिच्या मैत्रिणी, डॉक्टर, वाण्याची ओळख सगळं शहरात असतं. तुमचं गाव तिच्यासाठी फक्त सासर असतं.

उंबरठा

हा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा.

नाडीपरीक्षा

तब्येतीकडून काही गोष्टी. वृद्धांचं नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसतं. पुरुषांत तर ‘पोट साफ होत नाही’, ‘अंगात ताकद नाही’, ‘डोकं जड आहे’ अशा तक्रारी, चिडचिड, आणि एकच प्रश्न दहा वेळा. घरचे म्हणतात, रिकामपणाचे चाळे. आधी बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासा, चालू औषधं पाहा. बी-१२ ची कमतरता शाकाहारी मंडळींत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत सर्रास दिसते, आणि तिनं येणारा थकवा ‘निवृत्ती मानवली नाही’ म्हणून खपून जातो. मग ज्येष्ठांमधलं नैराश्य तपासणारी पंधरा प्रश्नांची जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल आहे, हो-नाहीत उत्तरं. पाचच्या वर गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

झोप. नोकरीत सहा तास झोपणारा माणूस आता रात्री दहाला आडवा होतो, दुपारी दोन तास झोपतो आणि पहाटे तीनला जागा होतो. याला निद्रानाश समजून शेजारच्याच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी सुरू होते. ती गोळी पुढे सुटत नाही, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. दुपारची झोप तीनच्या आत, अर्ध्या तासाची. उठायची वेळ नोकरीतलीच ठेवा. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

कान. ऐकू कमी आलं की माणूस आधी गप्पांच्या अड्ड्यावर हसल्यासारखं करतो, मग जाणं बंद करतो. लोक म्हणतात, एकलकोंडा झाला. साठीला एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्याच. यंत्र लागलं तर लवकर लावा, उशिरा लावलेलं यंत्र मेंदूला नुसता गोंगाट वाटतो आणि कपाटात जातं.

पायांची घरच्या घरी चाचणी : हात छातीशी बांधून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? ६० ते ६४ वयात पुरुषांनी १४, बायकांनी १२ वेळा तरी. कमी भरलं तर पडण्याचा धोका आहे. नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासोबत दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत.

आरोग्यविम्याचं एक वाक्य : नोकरीतली वैद्यकीय प्रतिपूर्ती किंवा गटविमा संपायच्या तीन वर्षं आधी स्वतःची पॉलिसी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं. आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड ७० नंतरच मिळतं.

सरळरेघ

घर मुलाच्या नावावर करणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रात राहतं घर मुलाला-मुलीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. स्वस्त म्हणून लोक घाईनं करून मोकळे होतात. करायचंच असेल तर ‘पालकांचा सांभाळ आणि हयातभर राहण्याचा हक्क’ ही अट दस्तातच लिहा. मुलानं सांभाळलं नाही तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, दस्त रद्द करून मागता येतो. अट नसेल तर वाद लांबतो. त्याऐवजी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात आणि ते कधीही बदलता येतं. स्वतःच्या घरात पाहुणा झालेल्या माणसाला कोणताही कट्टा रमवू शकत नाही.

कोरडवाहू

ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० नंतरच ना? मग ५८ ला निवृत्त होणाऱ्यानं दोन वर्षं पैसे कुठं ठेवायचे?

पेन्शनकारकून

नाही, ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांनाही उघडता येते. निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं आणि रक्कम त्या लाभांपेक्षा जास्त नको. लाभ मिळाल्याच्या तारखेचा कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो, तो निवृत्तीच्या आठवड्यातच मागून ठेवा. कमाल ३० लाख. दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. तिमाहीला आढावा होतो, पण खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं टिकतो. १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० येतात. मुदतीआधी मोडलं तर कपात होते : एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का.

पेन्शनचं खातं पत्नीसोबत ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या प्रकारचं ठेवा आणि निवृत्तिवेतन आदेशावरचं तिचं नाव-जन्मतारीख आधारशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरलात तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते.

कोरडवाहू

वाचनखूण साठवली. ईपीएसवाल्यांच्या ६० नंतरच्या कामांसाठी वेगळा धागा काढतो.